पांगाऱ्याचा मत्स्यावतार

मी एक मासा बोलतोय. खरा नव्हे, लाकडाचा. मासे फसवण्यासाठी माझा जन्म झाला आणि आजवर मी एकही मासा फसवलेला नाही. माणसं मात्र फसली, किंवा फसल्यासारखं वागली.

बेंगळूरच्या चामराजपेटेत एका कुंपणभिंतीच्या दोन बाजूंना दोन मराठी घरं होती. एकीकडे खंडोजीराव, कारखान्यात लाकडी साचे करणारे. दुसरीकडे जयतीर्थराव, त्याच कारखान्यात नकाशे काढणारे. हे माध्व ब्राह्मण, घरात कांदासुद्धा येत नसे. खंडोजीरावांना मात्र हेब्बाळच्या तळ्यावर मरळ मासे धरायचा नाद. १९५७च्या पावसाळ्यात त्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून मला कोरलं, पोटात शिशाची गोळी बसवली आणि हनुवटीला बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याची जीभ लावली, म्हणजे पाण्यात ओढताना मी लचकत चालावं. नाकात एक पितळी कडी दोरीसाठी, शेपटीत एक गळासाठी.

खंडोजीरावांचा हात कोरण्यात जितका बसलेला, तितकाच रंगवण्यात बिघडलेला. त्यांनी रंगवलेले मासे बघून मरळ तोंड फिरवून जात. म्हणून कोरलेले मासे वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीवरून पलीकडे जात. तसाच मीही गेलो.

"मी फक्त रंग लावणार," जयतीर्थराव दर वेळी बजावत. "पुढचं पाप तुमचं."

"सगळं माझं, स्वामी. तुम्ही फक्त खवले नीट काढा."

काय खवले काढले त्यांनी! माझ्या पाठीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून धरला आणि त्यावरून हिरवा-रुपेरी रंग टिपला. तुकडा उचलला तर खवला न् खवला वेगळा. दिवसभर निळ्या शाईच्या सरळ रेघा मारणारा हा माणूस रंगवताना हळूच गुणगुणत असे. हे सगळं न्हाणीघरामागे, बायकोच्या नकळत. सत्यवतीबाईंना कळलं असतं, तर ब्रश आणि डबे थेट बंबात गेले असते, अशी जयतीर्थरावांची खात्री होती.

दसरा जवळ आला. तिकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. आदल्या वर्षी सत्यवतीबाईंची आई गेली होती, तेव्हा बाहुल्या मांडायचं मनच झालं नव्हतं. या वर्षी त्यांनी ट्रंक उघडली. आईनं लग्नात दिलेले दशावतार एकेक करून बाहेर आले. नऊच आले. मत्स्य वाळवीनं खाल्ला होता. कागदात नुसता भुसा. तो भुसा त्यांनी ओंजळीत घेतला. मग म्हणाल्या, "नकोच मांडायला," आणि हात धुवायला मागे गेल्या.

मागे तारेवर मी वाळत होतो.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "तुम्हाला आधीच कळलं होतं होय? आणि गुपचूप आईचा मत्स्य करत होतात?"

जयतीर्थराव हातात ब्रश घेऊनच आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे. वर्षभरात तो चेहरा असा उजळलेला दिसला नव्हता.

"हो," ते म्हणाले. "स्वल्प ओला आहे अजून."

"आणि नाकात ही कडी?"

"मनूची नाव बांधायला. प्रलयात."

झालं! मी कूर्माशेजारी वरच्या पायरीवर जाऊन बसलो. कपाळाला कुंकू, नाकातल्या कडीला दोरा, दोऱ्याला पानाची चिमुकली नाव. रोज आरती. पोहायला जन्मलेल्याला असं कोरडं बसवलं, की पूजेचंही ओझं वाटतं.

पाचव्या दिवशी खंडोजीराव बाहुल्या बघायला आले. सोबत बायको रत्नाबाई, आणि खिशात माझ्यासाठी घेतलेला नवा गळ. मला बघताच ते ओरडले, "अरे, हा तर माझा..."

जयतीर्थराव असे खोकले, की चण्याची उसळ नाकात गेली.

"तुमचा काय, अण्णा?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

खंडोजीरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "माझा आवडता अवतार, अक्का," म्हणाले, आणि चक्क मला हात जोडले! ज्यांनी माझी पाठ पॉलिश पेपरनं घासली, त्यांनी!

"पण शेपटीलाही कडी कशाला म्हणते मी?" रत्नाबाई म्हणाल्या.

"प्रलय केवढा होता, ठाऊक आहे? दोन दोर लागले," खंडोजीराव म्हणाले.

"सरी, बरं," म्हणत सत्यवतीबाईंनी त्यांना आणखी उसळ वाढली.

खोटं पचलं, पण जयतीर्थरावांना पचलं नाही. त्यांनी ब्रश गुंडाळून ठेवले. भिंतीवरून मासे यायचे थांबले, आणि गुणगुणही.

पुढच्या दसऱ्याआधी त्यांनी एक नवी मूर्ती बायकोपुढे ठेवली. चार हात, शंख, चक्र, कमरेखाली मासा.

"तुझ्या आईसाठी हा केलाय," ते खाली बघत म्हणाले. "तो गळाचा होता. मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे," सत्यवतीबाई माझ्यावरची धूळ पुसत म्हणाल्या. "आईच्या मत्स्यालाही चार हात होते. लहानपणी मी त्यांत दोऱ्याच्या बांगड्या घालायची. तारेवरचा हा पाहिला, तेव्हा क्षणभर फसले. मग कडी बघितली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमचं गुणगुणणं बंद पडलं असतं. आई गेल्यावर या घरात तेवढाच आवाज उरला होता." त्यांनी फडकं झटकलं. "न बोलूनही पडलंच बंद."

मग त्या उठल्या आणि मला घेऊन भिंतीपाशी गेल्या. "खंडोजी अण्णा, तुमचा मासा न्या."

"नको, अक्का. कुंकू लावलेल्याला गळ कसा लावू?"

"मग दुसरा द्या. यांचे हात रिकामे आहेत. आमचा फक्त रंग हं! पुढचं पाप तुमचं."

जयतीर्थरावांच्या आता ध्यानात आलं. म्हणजे भिंतीपाशी बोललेलं तेही हिनं ऐकलं होतं!

त्याला आता दहा वर्षं झाली. वरच्या पायरीवर चार हातांचे देव बसतात. खाली परातीत पाणी भरून तळं करतात, त्यात मी असतो. वर्षातून नऊ दिवस का होईना, पोहतो. दसऱ्यात चामराजपेटेत आलात, तर खाली वाकून परातीतही बघा. पाण्यावर हलकी फुंकर मारा, मी लचकून दाखवीन. कुंकू मात्र बेतानं लावा, डोळ्यात जातं. आणि न्हाणीघरामागून गुणगुणणं ऐकू आलं, तर हाक मारू नका. माझ्या एखाद्या भावाचे खवले अजून ओले असतील.