मोरीखालचा आवाज

कस्तुराच्या मोरीतला नळ पहिल्यांदा वाजला तो भर दुपारी, आणि तेव्हा त्याला पाणी नव्हतं.

चिंचवड स्टेशनच्या पलीकडे कामगारांसाठी नव्या इमारती उठल्या होत्या. आणीबाणीच्या आदल्या वर्षी त्यातल्याच एकीत तळमजल्याची खोली त्यांना मिळाली. नवरा जयसिंग एका कारखान्यात टर्नर होता, लेक अजून कडेवरची. त्याला खोलीचं कौतुक, तर कस्तुराला नळाचं. माहेरी तिच्या आईला गावच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन ताटकळावं लागायचं. कुणी वरून ओतलं तरच पाणी. इथं चावी फिरवली की पाणी आपलं. ती पितळी चावी रोज चिंचेनं घासायची.

म्हणून नळ वाजायला लागला तेव्हा तिला भीतीआधी रागच आला. आत काहीतरी करकरायचं, दोर घासल्यासारखं. मग खोल कुठंतरी धप्प व्हायचं. थोडा वेळ सगळं शांत, आणि पुन्हा करकर. जयसिंग पहिल्या पाळीवरून यायच्या आत हे सगळं थांबलेलं असायचं. तिनं सांगितलं तर तो म्हणाला, नळात हवा भरते, नव्या इमारतीत व्हायचंच.

तरी त्यानं पिंपरीहून इनायतला बोलावलं. इनायत नळजोडणीचा जुना माणूस. त्यानं वायसर बदललं, पाईप जिथं भिंतीला घासत होता तिथं लाकडाच्या पाचरी ठोकल्या, सुतळी गुंडाळली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पाचर निखळून मोरीत पडली आणि करकर सुरू झाली.

इनायत पुन्हा आला. या वेळी त्यानं बाहेरची मोठी चावी बंद केली, पाईपमधलं सगळं पाणी काढून टाकलं आणि भिंतीशी उकिडवा बसून वाट पाहिली. पाईप कोरडा ठणठणीत. तरी आवाज आला. त्यानं पाईपवर तळहात ठेवला, मग कान लावला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

“वहिनी,” तो हळू आवाजात म्हणाला, “पाईप वाजत नाही. खालून कुणीतरी वाजवतंय.”

त्यानं हत्यारं पिशवीत भरली. चहा घ्यायलाही तो थांबला नाही.

वसाहतीच्या ओव्हरसियरनं येऊन पाहिलं. लोखंड उन्हानं ताणतं, संध्याकाळी आखडतं, असं सांगून तो गेला. पण ते दिवस उन्हाचे नव्हतेच. पावसाळा सरत आला होता, आभाळ भरलेलं होतं आणि मोरीची फरशी पायाला बर्फासारखी लागायची.

दाराशी भाजी घेऊन येणारी चिमाबाई इथल्याच जुन्या गावातली. वसाहतीखाली गेलेली जमीन तिच्या सासरची. एका दुपारी ती उंबऱ्याशी पाटी उतरवून मेथी निवडून देत होती, तेवढ्यात आतून करकर आली. चिमाबाईचा हात थांबला. तिनं न विचारताच आत पाऊल टाकलं आणि मोरीच्या कठड्यावर बसली.

“रहाट हाय ह्यो,” ती म्हणाली. “कुणीतरी पाणी शेंदतंय.”

कस्तुराला वाटलं, म्हातारीला भास होतोय. पण चिमाबाईनं बोटानं जागा दाखवली. पेरूचं झाड इथं, गोठा तिथं, आणि मधी त्यांची हीर. मुकादमानं ती बुजवली नव्हती. वर फळ्या टाकल्या, मुरूम पसरला, आणि बांधकाम सुरू.

“त्यात कुणी जीव दिला होता का, मावशी?” कस्तुरानं विचारलं.

“न्हाई गं. कुणीबी न्हाई.” चिमाबाई फरशीकडे पाहत राहिली. “पर हिरीला रोज उपसून घ्यायची सवय. इतकी वर्सं कुणी घागर बुडवली न्हाई.”

जयसिंग आल्यावर कस्तुरानं त्याला मोरीची एक फरशी काढायला लावली. पहार घालून त्यानं ती उचलली. खाली माती नव्हती. काळी फट होती, आणि तिच्यातून गार वारा वर आला, ओल्या दगडाच्या वासाचा. जयसिंगनं फटीत खडा टाकला. तो पाण्यात पडल्याचा आवाज ऐकून त्याचा चेहरा उतरला. लगेच पाठोपाठ, अगदी जवळून, दोर करकरला.

कस्तुरा कुणाचं ऐकायला थांबली नाही. लेकीला काखेत मारून ती वरच्या मजल्यांवर धावली. पहिल्या मजल्यावरच्या केसरबाईच्या चुलीवर भाकरी होती. ती म्हणाली, एवढी भाजून येते. कस्तुरानं तवा उतरवला आणि तिला हाताला धरून खाली आणलं. सगळे बिऱ्हाडकरू अंगणात जमले. काहीजण हसत होते, ओव्हरसियर तर चिडलाच. बाईच्या म्हणण्यावरून सगळ्यांना बाहेर काढलं म्हणून तो जयसिंगला बोलत होता, आणि जयसिंग खाली मान घालून ऐकत होता.

तेवढ्यात आतून दळणाच्या जात्यासारखी घरघर आली. मोरी, तिच्यामागची भिंत आणि अर्धं स्वयंपाकघर खाली गेलं. धूळ बसल्यावर लोकांनी दारातून वाकून पाहिलं. खाली घडीव दगडांची गोल विहीर होती, कडेपर्यंत भरलेली. नळाचा पाईप मोडून तिच्यावर लोंबत होता, आणि पाणी हलत होतं, नुकतीच कुणी घागर बुडवून काढावी तसं.

कुणालाही खरचटलं नव्हतं. केसरबाई रडत कस्तुराच्या गळ्यात पडली.

विहीर दगड-मुरमानं बुजवायला दिवाळी आली. ट्रकमागून ट्रक रिकामे झाले तरी पातळी चढेना, असं तिथले गडी सांगायचे. शेवटी ती भरली. वर सिमेंटचा कोबा झाला, भिंत पुन्हा उभी राहिली, वरची बिऱ्हाडं परतली. तळमजल्याच्या त्या खोलीत मात्र राहायला कुणी तयार होईना. तिला कुलूप लागलं, तिचा नळही मुळापासून कापून टाकला. कस्तुराला मागच्या इमारतीत जागा मिळाली.

उन्हाळ्यात एका दुपारी जयसिंग पाळीवरून घरी आला तो थेट खाटेवर बसला. चहा पुढे ठेवला तरी त्यानं कप उचलला नाही.

“त्या खोलीवरून आलो,” तो म्हणाला. “आत कुणीतरी पाणी भरतंय. घागर भरत आल्यावर आवाज बदलतो ना, तसा.”

कस्तुरानं स्टोव्ह बारीक केला.

“तुम्ही थांबलात का तिथं?”

“नाही.”

“थांबूही नका,” ती म्हणाली. “उद्यापासून पलीकडच्या रस्त्यानं या.”

तो दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या रस्त्यानं येऊ लागला.