मुखपृष्ठावर नवी तारीख

मित्रांनो, मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. माझ्यासारख्या वस्तूनं आपली कहाणी सांगताना जरा हळवं व्हावं, गोड बोलावं, अशी रीत आहे. मला ती ठाऊक आहे. पण डोक्यात तिडीक असताना मला गोड बोलता येत नाही. तेव्हा जसं येईल तसं ऐकून घ्या.

युसूफ वडगावच्या बाजारात जलालुद्दीनभाईंचा छापखाना आहे. तिथं कॉम्प्युटरशेजारी भिंतीला एक खिळा आहे, त्या खिळ्याला मी लटकते. लग्नपत्रिका कशी लावायची ते माझ्यात लिहिलेलं आहे. तुम्ही म्हणाल, पत्रिका लावायला पुस्तिका कशाला? अहो, आमच्याकडची पत्रिका पाहिली नाही तुम्ही! वर कुलदैवत, मग वधूवर, मग मुहूर्त, आणि त्याच्याखाली नावंच नावं. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, विशेष आग्रह, सगळी भावकी, आजी सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच. एक नाव इकडचं तिकडं झालं की माणूस रुसून बसतो, मांडवात येत नाही. वर्षभर तोंड बघत नाही ते वेगळंच.

एवढी नावं हातानं जागच्या जागी बसवायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. म्हणून जलालुद्दीनभाईंच्या भाच्यानं, गुफराननं, एक साचा तयार केला. गुफरान इंजिनियर, पुण्यात नोकरीला. अक्षरं जुळवणारं एक मूळ सॉफ्टवेअर असतं, ते जगभर चालतं. त्याच्यावर गुफरानचा हा साचा बसवलेला. आपण फक्त नावं आणि ठरलेल्या खुणा टाइप करायच्या. कोणतं नाव कुठं, केवढ्या अक्षरात, ते साचा पाहतो. आणि खुणा कोणत्या, ते मी सांगते. मी नसले तर साचा म्हणजे कुलूप लावलेली पेटी.

गुफराननं मला लई मायेनं लिहिलं होतं, हे कबूल करते. सोपं मराठी, प्रत्येक पानावर नमुना. माझं चौथं पान तर त्याच्या खास अभिमानाचं. त्यावर लिहिलं होतं की जो माणूस हयात नाही त्याच्या नावाआधी चांदणी, म्हणजे * ही खूण, टाका. साचा आपोआप 'कै.' छापेल. एवढंच नाही, त्याच्या बायकोच्या नावाआधी 'सौ.' न लावता 'श्रीमती' लावेल. आहे की नाही हुशारी? एक चांदणी टाकली की नवरा-बायको दोघांचंही बरोबर छापून यायचं.

मला वाचणारी मात्र एकच होती, बबिता. बारावी झालेली, लग्न होऊन गावात आलेली, घरात कमावती ती एकटीच. पहिल्या दिवशी तिनं मला खिळ्यावरून काढलं ते पदरात घेऊन बसली. बोट ठेवून एकेक ओळ वाचायची, तशीच्या तशी करून पाहायची, आणि जमलं की स्वतःशीच हसायची. चहाचा डाग तिच्याच हातचा होता माझ्यावर, तो मी मिरवायचे. पुढं पुढं गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, कार्ड बबिताताईच लावणार ना? जलालुद्दीनभाई मला उचलून लोकांना दाखवायचे, म्हणायचे, आमचं काम अंदाजानं चालत नाही, पुस्तकानं चालतं. ते ऐकून मी फुगायचे. फुगू नये एवढं.

मग मूळ सॉफ्टवेअर बदललं. ते कुठं दूर, कोण बदलतं, आम्हाला काय ठाऊक! एके सकाळी बबितानं कॉम्प्युटर सुरू केला, त्यानं आपणहून नवी आवृत्ती घेतली आणि सगळ्या पत्रिकांचा चिवडा झाला. वेलांट्या भलतीकडं, मुहूर्त कागदाच्या बाहेर, नवरीचं नाव नवरदेवाच्या नावावर चढलेलं. ऐन लगीनसराई. जलालुद्दीनभाईंनी भाच्याला फोन केला आणि तो पुण्याहून गाडीनं आला.

कामाला पोरगा वाघ आहे, त्यात वाद नाही. बसला, साचा उघडला, जिथं जिथं मोडलं होतं तिथं दुरुस्त केलं. त्यात चौथ्या पानावरची चांदणीही आली. नवं सॉफ्टवेअर चांदणी स्वतःसाठीच वापरायला लागलं होतं, ती साच्यापर्यंत पोचतच नव्हती. मधल्यामध्ये गिळून टाकायचं, हूं नाही की चूं नाही. गुफराननं चांदणी काढून टाकली आणि तिच्याऐवजी नावाआधी 'दिवंगत' असा शब्द टाइप करायचं ठरवलं. ठीक आहे. बदल करावाच लागतो, त्याला माझी ना नाही.

पण मला कुणी सांगितलं? बबितानं विचारलं होतं त्याला, "दादा, पुस्तकात काही बदलायचं हाय का?" तो म्हणाला, करतो ना ताई, आधी हे चालू होऊ द्या.

आता पुढचं नीट ऐका, सगळा घोळ इथंच आहे. मी स्वतः त्याच साच्यात लावलेली आहे. साचा नीट चालतो का ते पाहायला गुफराननं मला एकदा त्यातून काढलं, नुसती चाचणी म्हणून. आतला एक शब्दही बदलला नाही. पण मुखपृष्ठावरची तारीख साचा आपणहून टाकतो, आणि तिच्याखाली 'सुधारित आवृत्ती' असंही तोच छापतो. मी प्रिंटरमधून बाहेर पडले तर अंगावर नवी कोरी तारीख! आत सगळं जुनं. म्हाताऱ्या बाईला बळंच नवरीचा शालू नेसवावा तसं वाटलं मला.

बबितानं मला उचललं. मुखपृष्ठ वाचलं. तिचा चेहरा खुलला. केलं बाई दादानं, म्हणाली, आणि भोकं पाडून दोरी ओवायला बसली. चहाच्या डागाची माझी जुनी प्रत तिनं रद्दीत टाकली. गुफरान समोरच खुर्चीत होता, मोबाइलवर परतीच्या गाडीचं तिकीट बघत. त्यानं मान वर केली, तिला दोरी ओवताना पाहिलं, आणि मान परत खाली घातली. अरे, एक शब्द! थांबा ताई, ते अजून जुनंच आहे, एवढं म्हणायला काय तोंड झिजलं असतं का?

पुढच्याच आठवड्यात अर्जुनराव आले, पुतणीच्या लग्नपत्रिकेचं काम घेऊन. अर्जुनराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस, पंचायतीपासून सोसायटीपर्यंत सगळीकडं त्यांचा शब्द. पुतणी प्रियदर्शनी. तिचे वडील राधाकिशन दोन वर्षांपूर्वी वारले. आई विमलबाई. अर्जुनरावांनी कागदावर 'कै. राधाकिशन' असं स्वच्छ लिहून आणलं होतं. बबितानं चौथं पान उघडलं आणि चांदणी टाकली.

सॉफ्टवेअरनं चांदणी गिळली. साच्याला राधाकिशन जिवंत वाटले. त्यानं त्यांच्या बायकोला 'सौ.' लावलं.

तुम्ही म्हणाल, बबितानं बघायला नको होतं? बघायला पाहिजे होतं, मी कुठं नाही म्हणते! पण इतकी वर्षं चांदणी एकदाही चुकली नव्हती, आणि पुस्तिका तर नुकतीच सुधारलेली. बारीक अक्षरातल्या त्या नावांच्या जंगलात एक 'कै.' नाही, हे कुणाच्या डोळ्याला टोचणार? आणि तिनं नमुना अर्जुनरावांच्या मोबाइलवर पाठवला होता की. त्यांनी काय पाहिलं? आपलं नाव माजी सरपंचाच्या वर आहे का, तेवढं पाहिलं. आहे म्हटल्यावर अंगठा पाठवून दिला. मग पत्रिका छापल्या, गावोगाव गेल्या.

विमलबाईंना वाचता येतं. घाटनांदूरच्या एका सोयरीण बाईनं फोन करून त्यांना विचारलं म्हणे, राधाकिशन परत आले का हो? अशी माणसं असतात, काय करणार. विमलबाई पत्रिका घेऊन तशाच छापखान्यात आल्या, मागून अर्जुनराव तणतणत. अर्जुनरावांनी दुकान डोक्यावर घेतलं. बाजारातली माणसं दारात जमली. विमलबाई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी पत्रिका बबितापुढं धरली.

"माज्या कपाळावरचं पुसलं तवा चौघीजणींनी धरलं व्हतं मला," त्या म्हणाल्या. "आता कागदावर परत कावून लावलं, बाई?"

 बबितानं मला खिळ्यावरून काढलं, चौथं पान उघडलं, जलालुद्दीनभाईंसमोर धरलं.  "चाचा, यात लिवल्यापरमानंच केलंय मी. बघा तुमी."

अर्जुनराव म्हणाले, पुस्तकावर ढकलू नको. मला तोंड असतं तर मी तिथंच किंचाळले असते. चूक माझ्या पोटात आहे, तिच्या हातात नाही! पण पुस्तिकेला कोण विचारतो.

जलालुद्दीनभाईंनी गुफरानला फोन लावला. मी बबिताच्या हातात, फोनला लागूनच, त्यामुळं त्याचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. तो सहज म्हणाला, "मामू, चांदनी तो कब की बंद है. किताब में बदलना रह गया."

झालं! एवढं एक वाक्य जलालुद्दीनभाईंनी मोठ्यानं म्हटलं असतं, की चूक आमच्या पोराची आहे, पुस्तक बदलायचं राहिलं, तर बबिता सुटली असती. त्यांनी फोन ठेवला. दारातली गर्दी पाहिली, अर्जुनरावांचा चेहरा पाहिला. छापखान्याची निम्मी कामं अर्जुनरावांच्या शब्दावर येतात.  शेवटी म्हणाले काय, तर मुलीकडून नजरचूक झाली, पत्रिका पुन्हा छापून देतो. बबिताकडं न बघताच तिला म्हणाले, "बेटा, थोडे दिवस घरी बस."

तिनं मला टेबलावर ठेवलं, पिशवी उचलली आणि गर्दीतून निघून गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं की बबितानं जित्या-मेल्याचा घोळ घातला, विधवेला सवाशीण केली. तिला कामाला कोण बोलावणार आता?

गुफरान पुन्हा आला. पत्रिका त्यानंच लावल्या, बरोबर लावल्या. मग मामाच्या सांगण्यावरून मला घेऊन बसला. आणि काय सांगू, मन लावून बसला! प्रत्येक पान साच्याशी ताडून पाहिलं. चौथं पान नव्यानं लिहिलं. मुहूर्ताच्या पानावरची आणखी एक जुनी खूण त्याला सापडली, ती काढली. शेवटी 'या आवृत्तीतले बदल' असं नवं पान जोडलं, त्यात पहिलीच ओळ, चांदणी आता चालत नाही. कुणामुळं राहिलं आणि कुणाला भोगावं लागलं, ते काही त्यात नाही. पुस्तिकेत ते लिहीत नाहीत म्हणे.

नवी प्रत काखेत मारून जलालुद्दीनभाई बबिताच्या घरी गेले. ती ओट्यावर फॉल-पिकोची मशीन घेऊन बसली होती. त्यांनी मला पुढं केलं, म्हणाले की सगळं दुरुस्त झालं, उद्यापासून ये. तिनं हात पुसले, मला घेतलं, चौथं पान उघडून बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर हाय आता," ती म्हणाली. मग पान मिटलं. "चाचा, फोन तुमच्या कानाला व्हता, मी शेजारीच उभी व्हते. बंद झाल्याचं तुमी आइकलं. मंग अर्जुनरावांना कावून न्हाई सांगितलं?"

जलालुद्दीनभाई ओट्याखालच्या चपला पायानं चाचपू लागले.  तिनं मला त्यांच्या हातात परत दिलं आणि मशीनवर पाय ठेवला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही तयार कराल. एखादी वस्तू बदलली तर तिची माहितीही त्याच दिवशी बदला. नंतर करतो म्हणू नका. तेवढा दम नसेल तर निदान मुखपृष्ठावर लिहा की आतलं जुनं आहे, विश्वास ठेवू नका. तुमच्या शब्दावर कुणीतरी पोट चालवत असतं, आणि चूक निघाली की तुम्ही पुण्यात असता, तो दारात उभा असतो.

मी परत खिळ्याला आहे. शब्द न् शब्द बरोबर. बबिताच्या खुर्चीवर आता सोमेश्वर नावाचा मुलगा बसतो. अडलं की गुफरानला फोन करतो, नाहीतर अंदाजानं काहीतरी दाबून बघतो. मला त्यानं एकदाही उघडलेलं नाही. आधी मला त्याचाही राग यायचा, आता येत नाही. पुस्तक बघून काम करणाऱ्या बाईचं काय झालं, ते त्या दिवशी दारातल्या गर्दीत उभं राहून त्यानं पाहिलेलं आहे.