ओट्याखालची जाळी

मी एक जुनी, जळकी घरगाडी आहे. मित्रांनो, घरगाडी म्हणजे चाकांवरचे घर. माझ्या पोटात झोपायला दोन फळ्या आहेत, एक वर, एक खाली. हातभर ओटा आहे, पाण्याची टाकी आहे आणि एका बाजूची भिंत नाही. ती कशी गेली, तेच मला सांगायचे आहे. ऐकताना अंगावर काटा आला तर येऊ द्या. माझ्या तर अंगावर धड पत्रासुद्धा उरलेला नाही.

माझा जन्मच मुळी मारहाणीत झाला. आधी मी बिस्किटांचे खोके वाहणारी बंद गाडी होते. मग एका निवृत्त बसचालकाने मला विकत घेतले. सगळे त्यांना म्हातारबा म्हणत. त्यांनी करवतीने माझ्या कुशी फाडून खिडक्या काढल्या, ड्रिलने बरगड्या भोसकल्या, हातोड्याने पाठ बडवून सरळ केली. मी किंचाळत होते आणि ते मजेत शीळ घालत होते. पण जिथे फाडले तिथे त्यांनी रबर बसवले, जिथे भोसकले तिथे बोल्ट घट्ट केला. मारणारा हात कोणता आणि घडवणारा कोणता, हे लोखंडाला बरोबर कळते.

ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरशेजारी, त्यांनी माझ्या तळाला तळहाताएवढे भोक पाडले आणि त्यावर जाळी बसवली. ते भोक थेट खाली रस्त्यावर उघडत होते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. नळीतून गळालाच तर तो जमिनीलगत साचतो. जाळी उघडी असली की खालच्या खाली निघून जातो. प्रवासाला निघण्यापूर्वी म्हातारबा नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघत. मग ओणवे होऊन जाळीशी तळहात धरत. वारा लागला की "श्वास चालू आहे" असे पुटपुटत आणि मगच किल्ली फिरवत. त्यांच्या दोन्ही मुलांनी हे लहानपणापासून पाहिले होते. लक्षात मात्र एकानेच ठेवले.

म्हातारबा गेले आणि मी थोरल्याच्या वाट्याला आले. थोरला मनाने वाईट नव्हता. पण त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असे आणि माया हातातल्या फडक्यात. सुट्टीच्या दिवशी तो मला न्हाऊ घालायचा, मेण लावायचा, माझ्या काचेत स्वतःचे तोंड दिसेपर्यंत घासायचा. येणारे जाणारे थांबून कौतुक करत. माझ्याखाली मात्र तो एकदाही वाकला नाही. बोल्टांना गंज चढला, गॅसच्या नळीला बारीक चिरा पडल्या. वरून मी नवरीसारखी नटलेली होते आणि खालून कुजत होते.

एका हिवाळ्यात त्याच्या बायकोने सहज म्हटले की ओट्याशी उभे राहिले की पाय गारठतात. थोरल्याने लगेच पत्र्याचा तुकडा आणला, जाळीवर ठेवला आणि चारही बाजूंनी खिळे ठोकले. बायकोच्या मायेपोटीच ठोकले, हे मला सांगितलेच पाहिजे. माझा श्वास मात्र तिथेच कोंडला.

काही दिवसांनी धाकटा पुतणीला भेटायला आला. गाडीत शिरल्यावर सवयीने ओणवा झाला, ओट्याखाली तळहात धरला आणि पत्रा पाहून थबकला.

"दादा, ही जाळी बुजवायची नसते. बाबा दर वेळी हात धरून बघायचे, आठवतं ना?"

"बाबांची गाडी होती तोवर बाबांनी बघितलं. आता ती माझी आहे."

 धाकटा पत्र्याखाली पेचकस घालून तो उचकटू लागला. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने जॅकचा दांडा उचलला आणि भावाच्या तोंडावर हाणला. दोन दात जमिनीवर पडले, रक्त ओट्यावर उडाले. धाकटा कोसळला, उठला आणि त्याने थोरल्याचा गळा धरून त्याला माझ्या दारावर आपटले. काच फुटली. काचेने थोरल्याचा कान फाटला, तरी त्याच्या हातातला दांडा सुटला नाही. शेवटी थोरल्याची बायको दोघांच्या मध्ये घुसली, म्हणून ते थांबले. धाकटा तोंड दाबून निघून गेला आणि पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. थोरल्याने रक्त पुसले. मग त्या पत्र्याला त्याने आणखी खिळे ठोकले. त्यातला एकही थंडीसाठी नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत थोरला, त्याची बायको आणि मुलगी मला घेऊन एका तळ्याकाठी निघाले. निघण्यापूर्वी थोरल्याने आतल्या लाकडाला ताजे व्हार्निश चढवले होते. रस्ता खाचखळग्यांचा होता. माझी हाडे खिळखिळी झाली आणि चिरलेली नळी सिलिंडरच्या तोंडाशी पुरती उकलली. रात्री डासांमुळे खिडक्या बंद ठेवल्या होत्या. गॅस जमिनीवर उतरला, जाळीकडे गेला आणि पत्र्याला अडून तिथेच साचत राहिला. मी ओरडून सांगितले असते, पण मला हॉर्न आहे, तोंड नाही.

सकाळी मुलगी वरच्या फळीवर झोपलेली होती. थोरला बाहेर माझ्या काचेवरचे दव पुसत होता. त्याची बायको चहा ठेवायला उठली.

"व्हार्निश अजून वाळलं नाही वाटतं," ती आतून म्हणाली. "वासाने डोकं चढलंय नुसतं."

"वाळेल," तो म्हणाला.

तिने काडी ओढली.

माझ्या तळातून आग उसळली आणि माझी कूस एका दणक्यात फुटली. म्हातारबांनी बसवलेले बोल्ट गोळ्यांसारखे सुटले. भिंतीचा पत्रा थोरल्याला घेऊन लांब पडला. त्याची बायको पेटलेल्या कपड्यांनिशी बाहेर फेकली गेली. ती गवतात लोळली, उठली आणि परत आत आली. मित्रांनो, ती परत आत आली. वरच्या फळीची लोखंडी शिडी लाल व्हायला लागली होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली, वर चढली आणि लेकीला ओढून बाहेर काढले. तळहातांची कातडी माझ्या शिडीला चिकटून राहिली. लेकीचे फक्त केस होरपळले.

दोघींना दवाखान्यात पोचवून थोरला माझ्याकडे परतला. तोच जॅकचा दांडा घेऊन त्याने मला बडवायला सुरुवात केली. काचा फोडल्या, दिवे फोडले, कैदाशीण म्हणून शिव्या दिल्या. मारता मारता तो ओट्यापाशी पोचला आणि त्याचा हात वरच्या वर राहिला. मी सगळी फाटले होते, पण तो पत्रा जागचा हलला नव्हता. त्याचे सगळे खिळे शाबूत होते. तो तिथेच राखेत बसला आणि त्याने धाकट्याला फोन लावला. 

आता मी भंगारवाल्याच्या आवारात उभी आहे. काल तिघे मला शेवटचे बघायला आले होते. धाकटा आला होता, पुढच्या दोन दातांची फट घेऊन. थोरल्याच्या बायकोच्या हातांवरच्या पट्ट्या निघाल्या होत्या.

"आधी ते काढा," ती नवऱ्याला म्हणाली.

थोरल्याने पक्कड घेतली आणि एकेक खिळा उपटला. धाकट्याने पत्रा दाबून धरला होता. पत्रा निघाल्यावर ती ओणवी झाली आणि सासऱ्यांसारखा तिने जाळीशी तळहात धरला. बराच वेळ धरला.

"हाताला काही कळत नाही हो," ती म्हणाली.

मग ती आणखी खाली वाकली, काजळीत गुडघे टेकले आणि जाळीला गाल लावला. "येतोय," ती म्हणाली. थोरला तोंडात शर्टाची बाही कोंबून रडत होता.

मित्रांनो, उद्या माझे तुकडे होतील. माझ्यासाठी हळहळू नका, मी लोखंड आहे, पुन्हा वितळून काहीतरी होईन. पण तुमच्या दारात एखादी गाडी उभी असेल, तर तिला पुसण्याआधी एकदा तिच्याखाली वाका. तिचा श्वास चालू आहे का, ते तळहात धरून बघा. तळहाताला वारा कळतोय, तोवर बघा.