विहिरीपासून चाळीस पावलं

बेचाळीस साली आमचा पाडा उठवला. लढाईसाठी दारूगोळ्याचं कोठार निघालं, कामगारांच्या चाळींना रुळांजवळची सपाट जागा हवी होती. आमची माणसं आटगावकडून उचलून डोळखांबच्या डोंगरात आणून सोडली. निघताना बायकांनी गावदेवापुढं नारळ ठेवून शब्द दिला, "लढाई सरली का येतो. तवर बस."

देव जागचा हलवायचा नाही आणि दिलेला शब्द सोडवल्याशिवाय दुसरीकडं नवा बसवायचा नाही, ही आमची रीत. लढाई संपली, जमीन आज ना उद्या मिळेल म्हणून वाट पाहिली, ती परत मिळाली नाही. आजतागायत आमच्या पाड्याला गावदेव नाही. लग्न निघालं की शेजारच्या पाड्याच्या देवाला हात जोडायचे. मला त्याची लाज वाटते आणि रागही येतो.

माझे आजोबा, बारकू, तेव्हा दोन वर्षांचे होते. यंदा त्या चाळी पाडणार असं कळलं आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. देवाचा दगड ढिगाऱ्यात गेला, तर त्याच्यापुढं नारळ ठेवून शब्द सोडवता येणार नाही, तो कायमचा अडकणार.

मी शाळेत भूगोल शिकवते. तेवढ्या भांडवलावर सरकारी कचेरीत दहा खेपा घालून लढाईच्या काळातल्या नकाशाची प्रत मिळवली. वर 'गुप्त' असा शिक्का. चाळींना नंबर, नळाची रेघ, गटाराची रेघ, सगळं जिथल्या तिथं. आमच्या पाड्याच्या जागी इंग्रजीत लिहिलं होतं, पडीक.

"पडीक?" आजोबा म्हणाले. "माझी नाळ पुरलीय तिथं."

नशीब, विहीर दाखवली होती. देव विहिरीपासून उगवतीला चाळीस पावलांवर, असं पणजी सांगायची. आम्ही गेलो. विहीर बुजवलेली, पण कठडा शाबूत होता. मी पावलं मोजू लागले.

"लांब टांगा नको टाकू गो नेहा," आजोबा ओरडले. "माझी आय मला कडेवर घेऊन चालायची."

चाळिसावं पाऊल अकरा नंबरच्या चाळीच्या परसात पडलं. एक म्हातारी बाई सामान बांधत होती. तुळशीशेजारी शेंदूर लावलेला दगड, त्यावर ताजं फूल. चाळवाल्यांना आजोबा जन्मभर 'आमच्या उरावर बसलेले' म्हणत आले होते. आता त्यांनी चपला काढून ठेवल्या.

"तुमी त्या पाड्यातले का?" बाईनंच विचारलं. तिचं नाव अंबूबाई, नवरा कोठारात कामाला होता. "चाळ बांधल्यावर एक बाई डोंगरातनं येऊन पयल्या बिऱ्हाडाला सांगून गेलेली. कडेवर पोर होतं तिच्या. आमी येईपर्यंत देवाला बघा, म्हनली. तवापासून जो खोली सोडंल त्यानं पुढच्याला सांगायचं. मी चाळीस वर्सं दिवा लावते. आता खोलीच नाय ऱ्हायची, कुणाला सांगू?"

आजोबा दगडासमोर बसले. "ते पोर मीच," ते म्हणाले. मग पिशवीतला नारळ काढून त्यांनी दगडापुढं ठेवला.

"देवा, लढाई कवाच सरली. आमी येत नाय. तू सुटलास."

मी रडत होते. आजोबांनी अंबूबाईपुढं हात जोडले.

"आता डोळखांबला देव बसवू. पयला नारळ तुमी ठेवायचा."