निजलेला पोलीस

"फळीला हात लावायचा नाही!" बू हार्नी ओरडल्या, तसा गॅसच्या टाक्या लादलेला मोटारसायकलवाला पाय टेकून थांबला.

फळीमागे रस्त्याच्या रुंदीभर सिमेंटचा उंचवटा सुकत होता. सेमारांग शहरातल्या त्या गल्लीत अशा गतिरोधकाला सगळे 'निजलेला पोलीस' म्हणत. बू हार्नी, म्हणजे हार्नीबाई, शाळेचे गणवेश शिवत. गल्लीमंडळाचं अध्यक्षपद दुसरं कुणी घेईना, म्हणून ते त्यांच्याकडे आलं होतं. त्यांची नात वेनिंग शाळेतून येताना मोटारसायकलखाली सापडली, तेव्हापासून ती डावा पाय ओढत चालायची. पालिकेत वर्षभर खेटे घातले, पण 'अर्ज पुढे पाठवलाय' याखेरीज काही ऐकू आलं नाही. शेवटी आज रविवारच्या श्रमदानात घराघरातून सिमेंट गोळा करून पहाटेच पोलीस निजवला होता.

"तुमचा पोलीस निजलाय आणि माझा धंदा उपाशी," गॅसवाले पाक गुनादी दुकानातून म्हणाले.

"राहू दे एक दिवस. तुमची पोरं इथं मोटारसायकलींची विमानं करतात. उद्यापर्यंत कोंबडीसुद्धा जाणार नाही!"

बायका हसल्या. तळलेल्या केळ्यांचं ताट फिरत होतं.

दुपार व्हायच्या आत गुनादींच्या आईला, म्हाताऱ्या म्बाह कास्मींना, श्वास घेता येईना. रुग्णवाहिका आली ती फळीपाशीच अडली. गल्लीचं दुसरं तोंड लग्नाच्या मांडवानं बंद होतं.

"उचलून आणा की! चार माणसं आहेत," बू हार्नी म्हणाल्या. आपला आवाज त्यांना परका वाटला.

"घर पार आत आहे. हातातली ऑक्सिजनची टाकी संपत आलीय, मोठी गाडीलाच बसवलेली आहे," चालक म्हणाला.

"बू, हे मोडलं तर परत सिमेंट कुठून आणायचं?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

गुनादी धावत आले. सकाळी टोमणे मारणारे गुनादी आता नुसते फळीकडे बघत होते. बू हार्नींच्या डोळ्यांपुढे वेनिंगचा ओढत जाणारा पाय आला. मग गल्लीच्या आतून कुणीतरी 'लवकर!' असं ओरडलं.

त्यांनी वाकून फळी ओढली.

गाडी आत गेली, म्हातारीला घेऊन बाहेर आली. अर्धवट सुकलेलं सिमेंट चुरत गेलं आणि उंचवट्याला आरपार दोन चाकोऱ्या पडल्या. उरलंसुरलं लिंपून पाहिलं, पण आठवड्याभरात त्याचे पोपडे निघाले. गुनादींनी पोरांना दम दिला, तो चार दिवस टिकला. मग मोटारसायकली चाकोरीतूनच सुसाट जाऊ लागल्या. एके दिवशी पालिकेतला माणूस येऊन म्हणाला, "विनापरवाना कुणी बांधलं हे? आता नवा अर्ज करा."

त्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी बू हार्नींनी स्टूल आणून एका चाकोरीत मांडलं आणि गणवेशाची किनार दुमडत बसल्या. दुसरी चाकोरी मोकळीच होती. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलचा आवाज आला. मुलं अजून यायची होती. त्यांची सुई थांबली.

तेवढ्यात पाठीमागे काहीतरी फरफटलं. इस्पितळातून परतलेल्या म्बाह कास्मी प्लास्टिकची खुर्ची ओढत येत होत्या. दर दोन पावलांना थांबत होत्या.

"म्बाह, घरात पडून राहा ना!"

"इथं वारं बरं येतं," म्हातारी धापा टाकत म्हणाली आणि दुसऱ्या चाकोरीत खुर्ची टेकवून बसली.

मोटारसायकल जवळ आली, करकचून थांबली. पोरानं भोंगा वाजवला. दोघींपैकी कुणीही मान वळवली नाही.