पुढची तारीख

“कान ठेवलास का?” आईने मागे न वळताच विचारलं.

“ठेवला.”

“दाखव.”

थोरलीने कागदात गुंडाळलेली वळकटी वर धरली. आईने ती चष्म्यावरून पाहिली, हातातून काढून घेतली, सगळा कागद उलगडला आणि पहिल्यापासून बांधायला घेतली.

“चाललं असतं की,” थोरली म्हणाली.

“चाललं असतं. पण चालवून का घ्यायचं?”

ओट्यावर बिस्किटांच्या पिठाच्या पाच वळकट्या ओळीने पडल्या होत्या, लाटण्याएवढ्या जाड. ही सहावी. लोणी आणि साखर फेसून, त्यात मैदा, चिमूटभर मीठ आणि किसलेली संत्र्याची साल घालून आईने सकाळपासून एकटीने हे पीठ केलं होतं. वळकट्या आता बर्फाच्या कप्प्यात जायच्या होत्या. ज्या दिवशी हव्या त्या दिवशी काढायच्या, सुरीने चकत्या पाडायच्या, भाजायच्या. “ऐन वेळी धावपळ करतो तो स्वयंपाकी नव्हे, तो अग्निशामक दल,” असं आईचं मत होतं.

बत्तीस वर्षं आईने हॉस्पिटलच्या तळघरात काढली होती. वर ऑपरेशन झालं की चिमटे, कात्र्या, सुऱ्या रक्ताने माखलेल्या खाली तिच्याकडे यायच्या. ती त्या धुवायची, पुसायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या पेटीत निर्जंतुक करायला लावायची. बांधताना कापडाचं एक टोक बाहेर राखायचं, म्हणजे वर उघडणाऱ्याचा हात आतल्या कशालाही लागत नाही. त्या टोकाला खाली सगळ्या जणी ‘कान’ म्हणत. निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती, पण आईच्या हातची पुडी औषधाची असो, बटणांची असो की पिठाची, तिला कान असायचाच.

“डॉक्टरांनी दुपारी झोपायला सांगितलंय तुला,” थोरली म्हणाली.

“त्याने पहिलं पोट फाडलं ना, तेव्हाची सुरी माझ्या हातून गेली होती. हात थरथरत होते म्हणे त्याचे. तो मला झोपायला सांगतो.”

“तुझं हृदय…”

“माझं हृदय माझ्याजवळ आहे. चिकटपट्टी दे.”

ही पट्टीही तिकडचीच. निरोपाच्या दिवशी मैत्रिणींनी थट्टेने एक अख्खं रीळ भेट दिलं होतं. पाकिटाला नीट वाफ लागली की हिच्यावरच्या फिक्या रेघा काळ्या पडतात, आणि रेघा काळ्या झाल्याशिवाय पाकीट वर जायचं नाही. आईने सहाही वळकट्यांवर एकेक तुकडा लावला आणि पेन्सिलीने प्रत्येकीवर एकच आकडा लिहिला: १९.

एकोणीस तारखेला, सोमवारी, थोरली कॉलेजात विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसणार होती. दुपारी सगळ्यांसाठी चहा होता.

“आई, तिथे केटरर सांगितलाय.”

“तो हात धुतो का, विचार त्याला.”

थोरली हसली. मग हे सगळं आवरायच्या आत बोलून टाकावं म्हणून म्हणाली, “आणि तू नाही आलीस तरी चालेल. दोन जिने आहेत. दोन-तीन तास उभं राहावं लागेल. दमशील उगाच.”

आईने वळकट्या कप्प्यात रचल्या. दार लावलं. हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं, जशी ती नेहमी पुसायची.

“मी येत नाही,” ती म्हणाली. “पण हे येणार. आणि घाबरू नकोस. बिस्किटं बोलत नाहीत.”

थोरलीला यावर पुष्कळ बोलता आलं असतं. वर्गात ती तासन्‌तास बोलायची, मोठमोठ्या पुस्तकांतले उतारे तिला तोंडपाठ होते. ती म्हणाली, “बस निघेल माझी.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आई झोपली ती उठली नाही. डॉक्टरचं तेवढं एकदाच ऐकलंन, असं धाकटा भाऊ फोनवर म्हणाला.

धाकटा तिच्याहून सहा वर्षांनी लहान. मनाने चांगला, पण दुःख झालं की हा आवराआवरीला लागतो. पुढच्या रविवारी थोरली आईच्या घरी पोचली तेव्हा कपाटं रिकामी होती, खोकी दोरीने बांधून दाराशी लावलेली होती. तो स्वयंपाकघरात फ्रीजसमोर उकिडवा बसला होता आणि शेजारी कचऱ्याची काळी पिशवी आ वासून उभी होती.

“खोल्या महिनाअखेरीला सोडायच्यात,” तो म्हणाला. “म्हटलं, फ्रीज बंद करून टाकू. सकाळीच केला.”

थोरलीने पिशवीत पाहिलं. अर्धं लिंबू, सुकलेली कोथिंबीर, औषधाची बाटली. आणि त्यावर, कान वर करून, सहा वळकट्या.

“हे का टाकलंस?”

“तारीख बघ ना त्यावरची. एकोणीस. आज अकरा आहे, ताई. मी म्हणत नव्हतो, शेवटी शेवटी तिचं डोकं चालत नव्हतं? दिवस-वार कळत नव्हते तिला. कधीचं पीठ आहे देव जाणे.”

“तिचं डोकं माझ्या-तुझ्याहून बरं चालत होतं.”

“मग पुढची तारीख कशी? पीठ काय अजून मळायचंय?”

“ही केल्याची तारीख नव्हे. वापरायची आहे. पाकीट कधी बांधलं याच्याशी वरच्या लोकांना काय करायचंय? कोणत्या दिवसापर्यंत भरवसा ठेवायचा, ते लिहायचं. त्यांच्याकडे अशीच पद्धत होती.”

धाकट्याने मान वर केली. “तुला बरंच माहीत गं त्यांच्याकडचं.”

ती पिशवीपाशी वाकली.

“नाही, मला वाटलं, तुझी आई नर्स होती. माझी खाली हत्यारं धुवायची.”

तो हे चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो सहज बोलला, खोक्याची दोरी ओढता ओढता.

“तुला माहीत होतं?”

“शाळा एकच होती ना आपली. मी गेलो तर सगळे म्हणायचे, नर्सबाईंचा मुलगा. मी म्हणायचो, ताईला विचारा.”

थोरली दहा वर्षांची असताना बाईंनी वर्गात विचारलं होतं, आई काय करते? ती म्हणाली, हॉस्पिटलात असते. नर्स का? बाईंनी कौतुकाने विचारलं, आणि तिची मान हलली. एवढंच घडलं होतं. पण मान हलली ती हललीच. शाळेच्या अर्जावर, मैत्रिणींत, पुढे नोकरीच्या मुलाखतीत, ते खोटं तिच्याबरोबर वाढलं आणि तिच्याइतकंच अंगापिंडाने भरलं. बक्षीससमारंभाला आई आली तेव्हा मुख्याध्यापिका तिला सगळ्यांदेखत “या सिस्टर” म्हणाल्या. आईने एकदा थोरलीकडे पाहिलं आणि नमस्कार केला. परतताना अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, “नर्सची टोपी पांढरी असते. आमची हिरवी. कुणी विचारलंच तर पांढरी सांग, नाहीतर पकडली जाशील.” आवाजात राग नव्हता. त्यानंतर हा विषय घरात कधीच निघाला नाही.

थोरलीने पिशवीत हात घालून वळकट्या एकेक बाहेर काढल्या आणि अंगठ्याने दाबून पाहिल्या. खालच्या चार दगडासारख्या होत्या. वरच्या दोन दबल्या.

“चार राहतील,” ती म्हणाली. “फ्रीज लाव.”

“ताई, काय करणार आहेस याचं?”

“एकोणीसला कॉलेजात नेणार.”

“चहा रद्द नाही केलास?”

“प्राचार्य पुढे ढकलू म्हणत होते. मी नाही म्हटलं. सहा पाकिटांवर तारीख पडलीय, ती कशी पुढे ढकलू?”

“गेलेल्या माणसाच्या हातचं लोकांना खायला घालणार? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, आणखी एक द्या.”

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या उभ्या आयुष्यात ताईने त्याला असं उत्तर दिलं नव्हतं. तो उठला आणि त्याने फ्रीजचं बटण दाबलं.

“आणि ह्या दोन?”

“ह्या बाद. शंका आली की पाकीट वर जात नाही.” तिने खोक्याची दोरी सोडली आणि चाचपडत भाजायचा पत्रा शोधून काढला. “ह्या आपल्याला.”

ओव्हन तापला. तिने कान धरून कागद ओढला. तो एका झटक्यात उलगडला आणि पीठ पत्र्यावर आलं, बोटही न लागता. मऊ पडल्यामुळे चकत्या वाकड्यातिकड्या पडल्या. भाजल्यावर त्या पसरून एकमेकींना चिकटल्या. दोघंही खोक्यांवर बसून, फुंकर घालत, मोडून मोडून खात राहिली.

“मीठ जास्त झालंय,” धाकटा म्हणाला.

“तेवढंच घालायची.”

“हो. जास्तच घालायची.” त्याने आणखी दोन घेतली. मग तोंड भिंतीकडे करून बराच वेळ तो ती खात होता.

निघताना चार वळकट्या तिने ओल्या टॉवेलात गुंडाळल्या. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईने काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, “बर्फ. बघा, गळतोय का.”

एकोणीस तारखेला ती उजाडायच्या वेळी उठली. सुरी गरम पाण्यात बुडवून तिने चकत्या पाडल्या, करंगळीएवढ्या जाड, आणि शंभराहून जास्त भाजल्या. पहिला घाणा कडेने करपला. तो तिने बाजूला काढला, जास्त विचार न करता. आईने नेला नसता.

कॉलेजातल्या लांब टेबलावर केटररचे केक आणि सँडविच होते. तिने आपला डबा मध्यभागी ठेवला, केक थोडे सरकवून. केटररने भुवया उंचावल्या. “मॅडम, बाहेरचं ठेवत नाही आम्ही.”

“हात धुतलेत का तुम्ही?” तिने विचारलं.

तो गोंधळला. “म्हणजे?”

“मग राहू दे हे इथेच.”

बिस्किटं पहिल्या दहा मिनिटांत निम्मी झाली. इतिहासाच्या सरांनी तीन उचलून रुमालात बांधली आणि कुणी पाहिलं नाही असं त्यांना वाटलं. ग्रंथपालबाईंनी कृती विचारली. “कुठून मागवलीत?” असं चौघांनी विचारलं, आणि चारही वेळा ती “घरची आहेत” म्हणाली. पाचव्या वेळी तिला स्वतःचीच चीड आली. ‘घरची’ हा शब्द तिने मान हलवावी तसा वापरला होता.

मग प्राचार्यांनी चमच्याने कप वाजवला. भला माणूस. नव्या विभागप्रमुखांचं अभिनंदन केलं, त्यांच्या वाचनाचं, शिस्तीचं कौतुक केलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “बाईंवर नुकताच आघात झाला, तरी त्या आज उभ्या आहेत. ही सेवावृत्ती त्यांना घरातूनच मिळाली. त्यांच्या मातोश्री आयुष्यभर परिचारिका होत्या. रुग्णांच्या उशाशी…”

“नव्हती,” थोरली म्हणाली.

प्राचार्य थांबले. “काय म्हणालात?”

“नर्स नव्हती ती. मी तसं सांगत आले सगळ्यांना. दहा वर्षांची होते तेव्हापासून.”

कुणीतरी कप बशीत ठेवला. तिचे कान गरम झाले होते, पण आवाज वर्गातल्यासारखा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता.

“ती कधी कुणाच्या उशाशी नव्हती. तळघरात होती. ही बिस्किटं तिने केलीत, आजच्यासाठी. जायच्या आदल्या दिवशी. तिला मी म्हटलं, येऊ नकोस. दमशील म्हटलं. ती दमणारी नव्हती. मला तुमच्यासमोर ती नको होती.”

प्राचार्यांना तिची दया आली असावी. या प्रसंगातून तिला सोडवायला हवं असंही वाटलं असावं. ते एक पाऊल पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, “अहो, ठीक आहे. तळघरात म्हणजे, काय म्हणतात त्याला, तंत्रज्ञ असतील. ऑपरेशन विभागाशी संबंधित. तंत्रज्ञ म्हणू या आपण.”

“नको,” थोरली म्हणाली. “धुणारी म्हणा. माझी आई हत्यारं धुवायची.”