नकाशावर वर चढणारी नदी

दोन दिवस शहर बघायला गेलो तेव्हा नकाशा नातीच्या हातात दिला. ती नऊ वर्षांची. माझी अट एकच होती: वाट तिने काढायची, आम्ही दोघांनी मागून चालायचं आणि ती चुकली तरी टोकायचं नाही. अडतीस वर्षं शिकवून एवढं तरी कळलं आहे की मुलाला स्वतःची चूक स्वतः सापडली की ती जन्मभर लक्षात राहते.

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, शहरातलं एकच बघायचं होतं. नदीवरचा मोठा पूल रोज दुपारी चारला मधोमध उघडतो आणि जहाजं आत येतात. हिचे वडील रेल्वेच्या फाटकावर कामाला होते. फाटकाचा दांडा वर जाताना हिने लहानपणी हजारदा पाहिलेला. अख्खा रस्ता वर जाताना बघायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच परतायचं असल्यामुळे संधी ही एवढीच.

हॉटेलातून निघून आम्ही काठावर आलो. नकाशावर पूल अगदी खालच्या कडेला होता. पाणी खालीच वाहतं, तेव्हा पाण्याबरोबर चालत राहिलं की पूल येणारच, असं नातीने जाहीर केलं. तर्क मला फार आवडला. मात्र सकाळचं ऊन उजव्या गालावर येत होतं, म्हणजे आम्ही निघालो होतो उत्तरेला आणि पूल होता दक्षिणेला. मी खिशात हात घालून गप्प राहिलो.

वाटेत दोन कारंजी आणि घोड्यावर बसलेल्या कुणाचा तरी पुतळा लागला. बाकावर बसून पाव खाल्ला. दोन वाजता हिच्या गुडघ्याने तक्रार सुरू केली. नातीने तिला धीर दिला, नकाशात आता बोटभरच अंतर उरलंय म्हणून.

"कुणाचं बोट?" हिने विचारलं.

तीनच्या सुमारास घरं संपली आणि होड्या दुरुस्त करायचा कारखाना आला. नातीने दारावरची पाटी वाचली आणि तेच नाव नकाशाच्या खालच्या भागात शोधलं. नव्हतं. मग बोट वर वर सरकत गेलं आणि अगदी वरच्या कडेला थांबलं. ती नदीकडे बघत राहिली, मग कागदाकडे.

"आजोबा, ही नदी नकाशावर वर चढतेय."

मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. उतार जमिनीला असतो, कागदाला नसतो, हे मी तिला तिथेच काठीने मातीत रेघा ओढून समजावलं. हिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्हाला हे कधी कळलं होतं?"

नातीसमोर खोटं कसं बोलायचं? "साडेदहाला."

हिने समोरून येणाऱ्या बसला हात केला आणि आम्ही मागे चढलोय की नाही हेही पाहिलं नाही. पुलाजवळ पोचता पोचता रस्त्यावर आडवा अडसर पडला आणि बस रांगेत थांबली. हिने ड्रायव्हरला दार उघडायला लावलं, आणि दिवसभर कुरकुरणारा गुडघा घेऊन गाड्यांच्या मधून अशी सुटली की आम्हा दोघांना धाप लागली. आम्ही पोचलो तेव्हा ही अडसराला पोट टेकून उभी होती. दिव्याच्या खांबांसकट, पांढऱ्या पट्ट्यांसकट रस्ता समोर उभा राहत होता. हिची मान त्याच्याबरोबर वर वर जात होती.

जहाजं गेली, पूल जुळला, तेव्हा कुठे ही माझ्याकडे वळली.

"आता सांगा मास्तर, आणखी काय काय माहीत असून गप्प बसलाय?"

उद्याच्या गाडीची वेळ नातीने तिकिटावरून वहीत उतरवली होती, साडेअकरा. ती आमच्या गावी पोचायची वेळ होती. गाडी सुटणार होती सातला. सकाळी चहा पिताना तिची तिलाच चूक सापडेल, असा माझा अंदाज होता.

मी सांगून टाकलं. नातीने तिथेच वही काढून आकडा खोडला. हिने तिची वही तिच्याकडेच राहू दिली. माझ्या खिशातली तिकिटं मात्र काढून स्वतःच्या पिशवीत टाकली.